सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) असताना नॅनो फॅबमध्ये दहा दिवस: आयएनयूपीबद्दल सविस्तर

आधी सांगते हे कोणासाठी लिहितेय. तुम्ही तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कॉलेजात फिजिक्स नाहीतर केमिस्ट्री शिकवताय, पीएचडी झालीय किंवा चालू आहे, विषय नॅनो किंवा थिन फिल्म, आणि लॅबमध्ये आहे काय तर एक मफल फर्नेस, एक मॅग्नेटिक स्टरर, वजनकाटा आणि सरांनी पंधरा वर्षांपूर्वी वर्कशॉपमधून बनवून घेतलेला स्प्रे पायरोलिसिसचा सेटअप. बाकी सगळं बाहेर. फिल्म आतून तपासायची मोठी यंत्रं, म्हणजे एक्सआरडी बाहेर, एसईएम बाहेर, टीईएमचं तर नावच नको. अशा माणसाला आयएनयूपीचा उपयोग होतो का, वेळ काढून जावं का, जाऊन आल्यावर करिअरमध्ये खरंच काही फरक पडतो का, हे मला जायच्या आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. कोणी भेटलं नाही म्हणून लिहितेय, थोडं लांबेल.

ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी: आयएनयूपी म्हणजे इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम. २००८ ला सुरू झाला तेव्हा आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूचं आयआयएससी अशी दोनच ठिकाणं होती, आता आयएनयूपी-आयटूआय या नावाने चालतो आणि मद्रास, दिल्ली, खरगपूर, गुवाहाटी इथल्या आयआयटी धरून सहा केंद्रं आहेत. पैसा केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालयाचा. कल्पना साधी आहे, की या संस्थांच्या नॅनो फॅबमध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म डिव्हाइस बनवायच्या लॅबमध्ये, कोट्यवधींची यंत्रं आहेत ती फक्त तिथल्याच मुलांनी वापरायची असं नको, बाहेरच्या कॉलेजातल्या शिक्षकांना आणि रिसर्च करणाऱ्या मुलांनाही आत यायला मिळावं. तीन पायऱ्या आहेत. पहिली दोन-तीन दिवसांची ओळख कार्यशाळा, दुसरी स्वतः हाताने काम करायचं ट्रेनिंग, आणि तिसरी म्हणजे तुमचा स्वतःचा प्रोजेक्ट लिहून द्यायचा, मंजूर झाला की तिथे जाऊन तो करायचा. मी पहिली आणि दुसरी केली, आणि दुसरीतच माझं एक छोटं काम बसवून घेतलं. सहापैकी कोणत्या केंद्रात गेले ते लिहीत नाही, कारण माझा अनुभव एका बॅचचा आहे, त्यावरून कोणी एकाला चांगलं आणि दुसऱ्याला वाईट ठरवू नये.

माझा विषय अमोनियाचा गॅस सेन्सर, झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्मवर. आमच्या सांगली-तासगाव भागात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज किती आहेत ते इकडच्यांना सांगायला नको, अशा ठिकाणी थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात आणि गळती झाली की पहिल्यांदा त्रास होतो तो आत क्रेट उचलणाऱ्या बायकांना आणि हमालांना. दहा तासांपर्यंतच्या कामात सरासरी २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांच्या) वर अमोनिया नको असं अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेचं मानक आहे. तर २५ पीपीएमच्या आसपास नीट सांगणारा स्वस्त सेन्सर करायचा, एवढंच माझं स्वप्न. स्प्रे पायरोलिसिस म्हणजे झिंक ॲसिटेटचं द्रावण तापलेल्या काचेवर फवारायचं, पाणी उडून जातं, झिंक ऑक्साइड काचेवर बसतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि आजूबाजूच्या कॉलेजांत या पद्धतीवर कित्येक पीएचडी झाल्यात, कारण व्हॅक्यूम लागत नाही आणि खर्च कमी. पद्धत चांगली आहे, मी तिच्या बाजूने कोणाशीही भांडेन.

अडचण फिल्मची नव्हती, कॉन्टॅक्टची होती. फिल्मवर सिल्व्हर पेस्टचे दोन ठिपके द्यायचे, टूथपिकने, हाताने, मध्ये साधारण ३-४ मिलिमीटर अंतर ठेवायचं, वायर चिकटवायची आणि रेझिस्टन्स मोजायचा. आज केलेल्या सॅम्पलचा आकडा एक, उद्याच्याचा दुसराच, कधी कधी तिप्पट-चौपट फरक. पेपर पाठवला तर रिव्ह्यूअरने एकच प्रश्न विचारला, असे किती डिव्हाइस केले आणि त्यांच्यात किती फरक आला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षं तो पेपर तसाच पडून राहिला.

त्याच काळात बाहेरून टेस्टिंग करून घेण्याचाही अनुभव घेतला, तोही सांगते म्हणजे तुलना कळेल. एका मोठ्या शहरातल्या खासगी टेस्टिंग लॅबकडे, नाव घेत नाही, सहा सॅम्पल कुरियरने पाठवले. सॅम्पलमागे दीड हजार आणि वर जीएसटी, सगळे खिशातले. पाच आठवड्यांनी ईमेलवर फोटो आले, सुंदर फोटो, पण सोबतच्या ईडीएसमध्ये (सॅम्पलमध्ये कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगणाऱ्या आलेखात) टायटॅनियमचा हा एवढा मोठा पीक आणि झिंक औषधालाही नाही. म्हणजे दुसऱ्याच कोणाचं सॅम्पल माझ्या नावावर आलं होतं. फोन केला तर म्हणाले परत पाठवा, परत पैसे लागतील. मला त्या वेळी सगळ्यात जास्त कसली भीती वाटली असेल तर ती ही, की टायटॅनियम नसतं, दुसऱ्याही कोणाचं झिंक ऑक्साइडच असतं, तर मला कळलंही नसतं आणि मी दुसऱ्याच्या कणांचा साइज माझ्या थीसिसमध्ये छापला असता. यंत्र कधी बघितलं नाही, ते कसं चालतं माहीत नाही, फक्त फोटो येतात आणि आपण त्यावर चर्चा लिहितो, असं करून पीएचडी होते. माणूस रिसर्चर होतो का, मला नाही वाटत.

म्हणून अर्ज केला. अर्ज ऑनलाइन, दोन पानांत काय करायचंय ते लिहायचं आणि कॉलेजच्या प्रमुखांचं पत्र जोडायचं. एक सल्ला मनापासून देते, अर्जात "नॅनो मटेरियलचं कॅरॅक्टरायझेशन करायचंय" असं मोघम लिहू नका. मी सरळ लिहिलं की मला ऑक्साइड असलेल्या सिलिकॉनवर सोन्याचे बोटांसारखे एकमेकांत अडकवलेले इलेक्ट्रोड बनवायला शिकायचंय, बोटाची रुंदी १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दोन बोटांतलं अंतर १० मायक्रॉन, आणि झिंक ऑक्साइड मी त्यावर नंतर माझ्या लॅबमध्ये फवारणार. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं ठरलं. कारण फॅबमधल्या यंत्रांत कोणतंही मटेरियल घालता येत नाही. सिलिकॉनच्या कामात सोडियम, तांबं, झिंक यांचा अंश जरी राहिला तरी पुढच्या माणसाचे डिव्हाइस खराब होतात, म्हणून कोणत्या यंत्रात काय चालतं काय नाही याची यादीच असते. आपल्याकडचे बरेच जण इथेच अडतात, त्यांना वाटतं आपली पावडर घेऊन जाऊ आणि तिथे सगळं करून आणू. तसं होत नाही. तिथे काय करायचं आणि घरी काय करायचं याची वाटणी आधीच करून जा.

आता आतलं.

क्लीन रूमचा क्लास १०० म्हणजे एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण १०० पेक्षा जास्त नकोत. आपल्या साध्या खोलीत असे कण लाखांत असतात. आत जायच्या आधी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, टोपी, मास्क, ग्लोव्हज, बूट, ते घालायचीही एक ठरलेली पद्धत आहे, वरून खाली, आणि सूट जमिनीला टेकता कामा नये. बायकांसाठी मुद्दाम सांगते, काजळ, पावडर, लिपस्टिक काही चालत नाही, बांगड्या काढून ठेवायला लागतात, साधा सलवार-कुर्ता आणि बंद बूट न्या. साधी वही आणि पेन्सिल आत नेता येत नाही, कारण कागदाचे तंतू आणि पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटची भुकटी, आत वेगळा कागद आणि बॉलपेन मिळतं. लिथोग्राफीची, म्हणजे उजेडाने नक्षी उतरवायची, खोली पिवळी, सगळे दिवे पिवळे, कारण फोटोरेझिस्ट हे त्यासाठी लावायचं रसायन अल्ट्राव्हायोलेट आणि निळ्या उजेडाला लगेच प्रतिक्रिया देतं, पिवळ्याला देत नाही. पहिल्या दिवशी त्या पिवळ्या खोलीत उभी राहिले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मास्कमुळे कोणाला दिसलं नाही. नऊ वर्षं एमएस्सीच्या मुलांना फळ्यावर लिथोग्राफीच्या आकृत्या काढून शिकवत होते आणि मास्क अलाइनर, म्हणजे ती नक्षी जुळवून उतरवायचं यंत्र, पहिल्यांदा बघत होते.

पहिले दोन दिवस सेफ्टी. हे अजिबात कंटाळवाणं समजू नका. हायड्रोफ्लोरिक ॲसिड हातावर पडलं तर कधी कधी लगेच दुखतही नाही, आत जाऊन कॅल्शियम खातं, हाडापर्यंत जातं, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी असल्याशिवाय त्या बेंचजवळ उभं राहायचं नाही. आमच्या लॅबमध्ये मी ॲसिडची बाटली साध्या चष्म्यावर उघडायची, मुलंही तसंच करायची. परत आल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर सहा सेफ्टी गॉगल विकत आणले.

तिसऱ्या दिवसापासून खरं काम. २ इंची सिलिकॉन वेफर म्हणजे पातळ चकती, वर ३०० नॅनोमीटर ऑक्साइड. ॲसिटोन, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग डीआय वॉटर (क्षार काढलेलं पाणी), नायट्रोजनने वाळवायचं, हॉटप्लेटवर ठेवून उरलेला ओलावा घालवायचा. मग स्पिनरवर फोटोरेझिस्टचे थेंब आणि ४००० आरपीएम, सव्वा ते दीड मायक्रॉनचा थर बसतो. नक्षी असलेली काच, तिलाही मास्कच म्हणतात, लावून एक्स्पोज म्हणजे उजेड द्यायचा, डेव्हलप म्हणजे नको ते रेझिस्ट धुऊन काढायचं, त्यावर १० नॅनोमीटर टायटॅनियम आणि १०० नॅनोमीटर सोनं ई-बीमने (इलेक्ट्रॉनच्या झोताने धातूची वाफ करून), टायटॅनियम कशाला तर सोनं ऑक्साइडला चिकटत नाही म्हणून. शेवटी ॲसिटोनमध्ये बुडवायचं, रेझिस्ट विरघळतं आणि त्याच्यावरचं सोनं घेऊन जातं, जिथे रेझिस्ट नव्हतं तिथलं सोनं राहतं. याला लिफ्ट-ऑफ म्हणतात. लिहायला चार ओळी, करायला पूर्ण दोन दिवस.

माझा पहिला वेफर वाया गेला. सोनं निघेना, दोन बोटांच्या मधे पापुद्रे लटकत राहिले, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रोड शॉर्ट. मला शिकवायला होती ती पीएचडीची मुलगी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, तिने तिथेच स्टुलावर बसून कागदावर आकृती काढून दाखवलं. साध्या पॉझिटिव्ह रेझिस्टच्या भिंती बाहेरच्या बाजूला उतरत्या असतात, त्यामुळे वरून येणारा धातू भिंतीवरही चढतो आणि वरचा-खालचा थर जोडला जातो, मग ॲसिटोन आत शिरणार कुठून. भिंत आतल्या बाजूला कललेली हवी. मला ते लगेच आमच्या जुन्या घराच्या वळचणीसारखं वाटलं. पाऊस सरळ पडत असला की वळचणीखालची जागा कोरडी राहते, तसाच धातू वरून सरळ पडतो आणि रेझिस्टच्या वळचणीखाली पोचत नाही, ती कोरडी राहिलेली फट म्हणजे ॲसिटोनला वाट. अशी भिंत करायला एझेड ५२१४ई नावाचं रेझिस्ट वापरतात, एकदा मास्कमधून एक्स्पोज करायचं, मग रिव्हर्सल बेक म्हणजे ठरलेल्या तापमानाला तापवणं, मग मास्क न लावता सगळ्यावर उजेड. आता वर्गात लिफ्ट-ऑफ शिकवताना मी वळचणच सांगते आणि मुलांना एका वाक्यात कळतं.

आणि या रिव्हर्सल बेकपाशी मला या दहा दिवसांतली सगळ्यात मोठी गोष्ट कळली. हा बेक एखाद्या डिग्रीच्या आत सांभाळायला लागतो. तर तिने हॉटप्लेटच्या डिस्प्लेकडे बघितलंच नाही, थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, प्लेटवर टेकवून पृष्ठभागाचं तापमान घेतलं, मधोमध वेगळं, कडेला वेगळं, आणि वेफर कुठे ठेवायचा ते त्यावरून ठरवलं. मग प्रोसेस शीटवर वेळ, तापमान, खोलीतला दमटपणा, रेझिस्टची बाटली कधी उघडली, सगळं लिहिलं. प्रत्येक वेफरमागे एक शीट. वेफर फेकला तरी शीट ठेवायची, उलट फेकलेल्या वेफरची शीट तर नक्की ठेवायची.

कॉलेजात परत आल्यावर मी पहिल्याच दिवशी आमच्या स्प्रेच्या हीटरवर काच ठेवून काचेच्या वरच्या बाजूला थर्मोकपल लावला. डिस्प्ले ३५० दाखवत होता आणि काच ३१२ वर होती. फवारा सुरू केला की आणखी खाली, आणि फवारा किती वेळ मारला त्यावर किती खाली ते अवलंबून. म्हणजे माझ्या पूर्ण थीसिसमध्ये ३५० डिग्री असं जे छापलंय ते ३५० नव्हतंच. वाईट वाटलं, खूप वाटलं, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण चार-पाच वर्षं जो फरक नशिबावर ढकलत होते त्याचं कारण सापडलं. हे शिकायला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही, दोनशे-तीनशे रुपयांचा थर्मोकपल लागतो. पण ते मला शिकवलं कोट्यवधींच्या यंत्राजवळच्या शिस्तीने, हेही तितकंच खरं.

दुसरा आणि तिसरा वेफर छान निघाले. एका वेफरवर साधारण २० चिप, ८ मिलिमीटरच्या चौकोनी, डायमंड स्क्राइबरने तोडल्या, काही तोडताना गेल्या, काही शॉर्ट निघाल्या, ३४ चांगल्या हातात राहिल्या. त्या छोट्या डबीत घालून घरी आणल्या. एसटीत डबी मांडीवर धरून बसले होते. जाता जाता तिथल्या एका सीनियर इंजिनिअरनी सांगितलं, सेन्सर सतत ३०० डिग्रीच्या आसपास किंवा वर चालवणार असाल तर पुढच्या वेळी सोन्याऐवजी प्लॅटिनमचा विचार करा, पातळ सोनं जास्त तापलं की गोळा व्हायला लागतं. न विचारता दिलेला हा सल्ला माझं एक वर्ष वाचवणार आहे.

आता खर्चाचं. फॅब वापरायचे पैसे माझ्याकडून घेतले नाहीत, वेफर, केमिकल, सोनं सगळं तिकडचं, राहायची सोय कॅम्पसवर झाली, मेसचं जेवण आणि प्रवास माझा. नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा अर्ज करताना त्या वेळची सूचना नीट वाचा. पण फुकट हा शब्द मी वापरणार नाही. सीएचबी म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्लॉक अवर बेसिस, जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे. दहा दिवस ट्रेनिंग आणि दोन दिवस प्रवास म्हणजे माझे ३१ तास गेले. पर्मनंट प्राध्यापकाला ड्युटी लीव्ह मिळते, त्याचा पगार चालू राहतो. मला त्या महिन्यात निम्म्याहून कमी पैसे आले, तेही पाच महिन्यांनी. पत्रावर सही घ्यायला तीन वेळा जावं लागलं, कारण सीएचबीवाल्या मॅडमना ट्रेनिंगला पाठवून कॉलेजला काय मिळणार हा प्रश्न होता. ज्यांच्याकडे सीएसआयआरची जेआरएफ म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप आहे, जी १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० झाली, किंवा सारथी, बार्टी, महाज्योतीची फेलोशिप आहे, त्यांनी तर डोळे झाकून जावं, त्यांचं काहीच बुडत नाही. माझ्यासारख्यांनी मात्र शक्यतो उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीतली बॅच बघावी. मला हे आधी सुचलं नाही.

करिअरला उपयोग झाला का? मी अजून सीएचबीवरच आहे, ते आधी स्पष्ट सांगते, सर्टिफिकेटने नोकरी लागत नाही. पण तो पडून राहिलेला पेपर गेला. आठ चिपवर नव्याने, खऱ्या ३५० डिग्रीवर फवारलं, आठही चिपचा सुरुवातीचा रेझिस्टन्स एकमेकांपासून १५ टक्क्यांच्या आत आला, आणि रिव्ह्यूअरच्या त्याच जुन्या प्रश्नाला मी आठ चिपचा तक्ता लावून उत्तर दिलं. दुसरं, आमची एमएस्सीची एक मुलगी मी मागे लागून तीन दिवसांच्या ओळख कार्यशाळेला पाठवली, तिने पीएचडीच्या इंटरव्ह्यूत फळ्यावर लिफ्ट-ऑफ काढून दाखवलं, वळचणीसकट, आणि तिची निवड झाली. तिच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली.

इकडच्या मुलांची वाट ठरलेलीच असते, पीएचडी झाली की पोस्टडॉकला दक्षिण कोरिया, कोल्हापूरकडची तर कितीतरी जण तिकडे आहेत आणि चांगलं काम करतात. माझा त्याला विरोध नाही, जावंच. पण तिकडे गेल्यावर पहिले सहा महिने क्लीन रूममध्ये कसं वागायचं हे शिकण्यात जातात असं परत आलेले दोघं-तिघं सांगतात, ते सहा महिने इथेच वाचवता येतात. आणि आता एक नवी वाटही आहे. डिसेंबर २०२१ ला केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना आणली, गुजरातमधल्या साणंद, धोलेरा ही नावं मुलं पेपरात वाचतात आणि विचारतात मॅडम आम्हाला तिथे घेतील का. त्यांच्यातल्या ज्याने एकदा तरी वेफर चिमट्याने उचललाय त्याला मी निदान अर्ज कर असं ठामपणे सांगू शकते.

इतर सोयींशी तुलना थोडक्यात करते. तुम्हाला फक्त एखादं मोजमाप हवंय, बनवायचं काही नाही, तर आयएनयूपीच्या मागे लागू नका, सैफ म्हणजे डीएसटीच्या (केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या) सोफिस्टिकेटेड ॲनालिटिकल इन्स्ट्रुमेंट फॅसिलिटीकडे जा, आयआयटी मुंबईत आहे, आपल्या शिवाजी विद्यापीठातही आहे. कुठे कोणतं यंत्र आहे ते आय-स्टेम पोर्टलवर सापडतं, २०२० पासून चालू आहे, तिथे शोधून स्लॉट मागता येतो. ज्यांना सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिशय प्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, एक्सआरडी किंवा ॲब्सॉर्प्शन करायचंय त्यांनी इंदूरच्या इंडस-२ साठी बीमटाइमचा (यंत्रावरच्या वेळेचा) अर्ज करावा, महाराष्ट्रातून रात्रीच्या बसने पोचता येतं. पण हे सगळं मोजण्यासाठी. स्वतःच्या हाताने डिव्हाइस बनवायला शिकायचं असेल तर बाहेरच्या माणसाला इतक्या मोकळेपणाने आत घेणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

मार्क द्यायचे तर ५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो एकाच कारणासाठी, दहा दिवस संपल्यावर पुढे कोणाला विचारायचं याची काही ठरलेली व्यवस्था माझ्या बॅचला नव्हती. तिसऱ्या आठवड्यात माझी फिल्म इलेक्ट्रोडवरून सुटायला लागली तेव्हा मी त्या शिकवणाऱ्या मुलीलाच फोन केला, तिने स्वतःची थीसिस लिहिणं बाजूला ठेवून अर्धा तास बोलून उपाय सांगितला, चिप ओझोनने नाहीतर निदान आयपीएने नीट साफ करून लगेच फवारा, दोन दिवस हवेत ठेवू नका. हे तिच्या चांगुलपणावर झालं. सगळ्यांना अशी माणसं भेटतीलच असं नाही, म्हणून जाल तेव्हा नंबर मागून घ्या, आणि बॅचमधल्या बाकीच्यांचाही घ्या. आमच्या बॅचमधले सहा जण अजून ग्रुपवर आहेत, नांदेड, जळगाव, हुबळी, पणजी, सगळीकडचे, आणि अडलं की रात्री अकरालाही कोणीतरी उत्तर देतं.

माझ्याकडे त्या ३४ पैकी ११ चिप अजून शिल्लक आहेत. अंतर १० मायक्रॉन, सोनं १०० नॅनोमीटर, प्रत्येकीची प्रोसेस शीट आहे. सांगली-कोल्हापूर-सोलापूर भागात कोणी गॅस किंवा ह्युमिडिटी सेन्सरवर काम करत असेल आणि टूथपिकने सिल्व्हर पेस्ट लावत असेल तर खाली लिहा, दोन-दोन चिप देईन. फक्त फवारायच्या आधी काचेचं खरं तापमान मोजा आणि आकडे मला कळवा.